भंगारातून खडकावर चढणारी रिमोट गाडी : खेळ की धंदा?

जालना जिल्ह्याचे नाव देशात दोन गोष्टींसाठी घेतले जाते. एक बियाणे आणि दुसरे लोखंड. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील भट्ट्यांत भंगार वितळवले जाते आणि त्यातून बांधकामाच्या सळया तयार होतात. हसनाबाद असो, भोकरदन असो वा राजूर, खेड्यापाड्यांतून गोळा होणाऱ्या लोखंडाला भट्टीची वाट ठाऊक आहे. या व्यवहारात आपल्या समाजातील बरीच कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आहेत. हातगाडीवर फेरी करणारा, गोदामवाला, गॅरेजवाला, वेल्डिंगवाला, रेडिओ-मोबाईल दुरुस्त करणारा, असे सारेच त्यात आले.

पण या धंद्याची एक जुनी खोड आहे. सारे काही काट्यावर जाते. बंद पडलेले बॅटरीवरचे ड्रिल मशीन घ्या. भंगारात त्याचे तीन भाव होतात : प्लास्टिकचा, लोखंडाचा आणि तांब्याचा. त्याच ड्रिलमध्ये एक चालू मोटर, पोलादी गिअरची पेटी, दोन-चार बेरिंगे आणि वेग कमी-जास्त करणारे बटण असू शकते. हातोड्याने फोडले की त्याचे वजन उरते. उघडून, तपासून ठेवले तर त्याचे काम उरते. काम विकणारा माणूस वजन विकणाऱ्यापेक्षा दोन पैसे जास्त मिळवतो. हे सर्वांना मान्य आहे, मात्र जुना भाग ओळखावा कसा, तपासावा कसा आणि दुसऱ्या भागाशी जुळवावा कसा, हे शिकवणारी शाळा नाही.

आमच्या मते अशी एक शाळा आहे आणि ती फार स्वस्त आहे. तिचे नाव रॉक क्रॉलर. म्हणजे खडकांवर चढणारी, रिमोटवर चालणारी, हातभर लांबीची गाडी. हा श्रीमंतांच्या मुलांचा खेळ आहे असे म्हणून आपण पान उलटू नये. या गाडीत जीप आहे, ट्रॅक्टर आहे, वायरिंग आहे आणि रेडिओही आहे. जुन्या भागांतून ती उभी करणारा तरुण एका वर्षात जे शिकेल, ते चार वेगवेगळ्या दुकानांत उमेदवारी केली तरी एकत्र मिळणार नाही.

ही गाडी वेगळी कशी?

बाजारात मिळणारी रिमोटची मोटार सपाट फरशीवर पळते आणि दगड आला की थांबते. रॉक क्रॉलरचे उलटे आहे. ती माणसाच्या चालीने, कधी त्याहून हळू चालते, पण विटेवर, पायरीवर, नाल्यातील दगडगोट्यांवर चढते. तिला वेग नको, जोर हवा. मोटरचे फेरे गिअरमधून खूप कमी केले जातात आणि त्या प्रमाणात जोर वाढवला जातो. चारही चाकांना ताकद मिळते. एक चाक दगडावर आणि दुसरे खड्ड्यात असतानाही चारही चाके जमिनीला टेकून राहतील, अशी तिची ठेवण असते. सर्वांत जास्त चालणारे माप १:१० चे. म्हणजे खऱ्या जीपच्या दहाव्या हिश्शाची गाडी, साधारण अर्धा मीटर लांब आणि दोन-तीन किलो वजनाची.

या छंदाची सुरुवातच मुळी एका गाडीचे भाग दुसऱ्या गाडीत घालण्यातून झाली, हे आपल्या कारागिरांनी लक्षात घ्यावे. जपानच्या टमिया कंपनीने १९८७ मध्ये क्लॉड बस्टर नावाची मोठ्या चाकांची रिमोट गाडी काढली. तिच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलवर स्वतंत्र मोटर होती आणि चारही चाके वळत होती. पुढे अमेरिकेतील हौशी लोकांनी या गाडीचे एक्सल काढून, घरी कापलेल्या पट्ट्यांच्या चेसीवर बसवून खडकांवर चढणाऱ्या गाड्या तयार केल्या. तयार क्रॉलरचे संच विकणाऱ्या कंपन्या त्यानंतर आल्या. आधी हातातले काम आणि मग कारखाना, असा हा क्रम आहे.

कोणता भाग कोठे सापडेल?

मोटर : बॅटरीवरच्या ड्रिलमध्ये बहुधा ५५० मापाची मोटर असते. रिमोट गाड्यांत ५४० मापाची चालते. दोहोंचा घेर जवळजवळ सारखा, म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर. ५५० थोडी लांब असते. ड्रिलची मोटर १२ किंवा १८ व्होल्टची असते. तिला ७.४ व्होल्ट दिले तर फेरे त्या प्रमाणात कमी होतात. पळणाऱ्या गाडीत हा दोष ठरला असता, आपल्या कामात मात्र हाच गुण आहे.

गिअरपेटी : ड्रिलची गिअरपेटी म्हणजे एका मोठ्या कड्यात फिरणारे तीन-चार छोटे गिअर, आणि अशा दोन किंवा तीन पायऱ्या. लहान जागेत मोठी घट मिळते. या पेटीला तोंड मात्र एकच असते आणि आपल्याला पुढच्या व मागच्या अशा दोन्ही एक्सलकडे ताकद न्यायची असते. त्यासाठी पेटीपुढे दोन गिअरची जोडी घालून खालून आरपार शाफ्ट काढावा. जीपमध्ये ट्रान्सफर केस हेच काम करते.

वायपरची मोटर : मोटारीच्या काचेवरील वायपरच्या मोटरमध्ये वर्म गिअर असतो. त्याचा गुण असा की बाहेरून ढकलून तो उलटा फिरत नाही, त्यामुळे चढावर गाडी मागे येत नाही. पण ही मोटर जड असते. १:१० च्या गाडीला ती झेपत नाही. मोठ्या मापाच्या गाडीसाठी राखून ठेवावी.

शाफ्ट आणि बेरिंग : जुन्या प्रिंटर व झेरॉक्स यंत्रांत गुळगुळीत पोलादी शाफ्ट, बुश, छोटी बेरिंगे आणि फायबरचे गिअर मिळतात. गिअर उचलताना जोडीने उचलावेत. दातांचे माप जुळले नाही तर एकटा गिअर निरुपयोगी आहे.

स्टिअरिंगचा टायरॉड : सायकलचा स्पोक. तो दोन मिलिमीटर जाडीचा असतो, सहज वाकत नाही, आणि एका टोकाला आटे असल्याने निपल फिरवून लांबी कमी-जास्त करता येते.

चेसी : खिडकीच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या किंवा चॅनेल. वजनाला हलक्या, छिद्र पाडायला सोप्या.

पाटे : पेट्या बांधण्याची पोलादी पट्टी. तिचे लहान-मोठे तुकडे एकावर एक ठेवले की जीपच्या पाट्यांची नक्कल होते.

एक्सल : हा भाग घरी करायला अवघड आहे. तुटलेल्या रिमोट गाडीतून किंवा सुटा विकत घ्यावा. डब्ल्यूपीएल आणि एमएन या चिनी कंपन्यांच्या छोट्या ट्रकचे एक्सल सुटे मिळतात, पण ते १:१० पेक्षा लहान गाडीचे असतात. त्यांवर ड्रिलची मोटर बसवली तर गिअरचे दात उडतील. लहान एक्सल असेल तर मोटरही लहान ठेवावी.

रिमोट : येथे जुन्याचा मोह धरू नये. स्वस्त खेळण्यांतील २७ मेगाहर्ट्झचे जुने रिमोट बहुधा फक्त चालू-बंद एवढेच जाणतात. अर्धा वेग, पाव वेग हा प्रकार त्यांत नसतो. खडकावर तर पाव वेगाचीच गरज असते. २.४ गिगाहर्ट्झचा दोन चॅनेलचा साधा संच घ्यावा. एक चॅनेल वळणासाठी, दुसरा वेगासाठी. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा सरकारने २००५ मध्ये ठरावीक ताकदीपर्यंत परवान्यातून मुक्त केला आहे.

जुना भाग तपासण्याची रीत

खरा हुनर येथे आहे. पहिली परीक्षा हाताने. मोटरचा शाफ्ट फिरवून पाहा, मग आडवा हलवून पाहा. आडवा खेळ जाणवला तर बुश गेला. आता मोटरच्या दोन्ही टोकांना तार लावून त्या तारा एकमेकींना जोडा आणि पुन्हा शाफ्ट फिरवा. चांगली मोटर आता घट्ट लागेल आणि पूर्ण फेऱ्यात सारखीच घट्ट लागेल. मध्येच एखाद्या ठिकाणी सैल सुटली तर आर्मेचरचे एखादे वेटोळे तुटले आहे किंवा कार्बन झिजले आहेत असे समजावे. या परीक्षेला मीटरही लागत नाही.

दुसरी परीक्षा विजेने. मोटर रिकामी चालवून ती किती अँपिअर घेते ते मल्टिमीटरवर पाहा. मीटर १० अँपिअरच्या भोकात लावलेला असावा. त्याच प्रकारच्या चांगल्या मोटरचा आकडा वहीत लिहून ठेवलेला असला की तुलना सोपी होते. रिकामी असतानाच जास्त वीज खाणारी, ठिणग्या पाडणारी किंवा जळकट वास देणारी मोटर तांब्याच्या भावाने देऊन टाकावी. तिच्यावर वेळ घालवू नये.

गिअरपेटी उघडून जुने ग्रीस पुसून काढा आणि प्रत्येक दात उजेडात पाहा. ग्रीसमध्ये चकाकणारी भुकटी दिसली तर कोठेतरी पोलाद झिजत आहे. बेरिंग रॉकेलने धुऊन, कोरडे करून बोटावर फिरवा. खरखर आली तर बाजूला काढा. तपासलेल्या प्रत्येक भागावर चिठ्ठी लावा : कशातून निघाला, किती व्होल्टचा, काय दोष. चिठ्ठी नसलेला चांगला भाग चार महिन्यांनी पुन्हा भंगारच होतो.

जुळणीचा हिशेब

गिअरपेटीचे गुणोत्तर छापलेले नसेल तर मोजता येते. बाहेरच्या शाफ्टला खूण करा, मोटरकडची बाजू हाताने फिरवा आणि बाहेर एक फेरा पूर्ण होईपर्यंत आत किती फेरे झाले ते मोजा. समजा पेटी आणि एक्सल मिळून ४० फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो आणि ७.४ व्होल्टवर मोटर मिनिटाला ८,००० फेरे फिरते. म्हणजे चाक मिनिटाला २०० फेरे फिरेल. चाकाचा व्यास ११० मिलिमीटर असेल तर त्याचा परीघ सुमारे ३४५ मिलिमीटर. दोनशे फेऱ्यांत ६९ मीटर, म्हणजे ताशी सव्वाचार किलोमीटरच्या आतबाहेर. ही माणसाची चाल झाली. वजन आणि चढ आला की वेग याहून कमी होईल. सुरुवातीला एवढा हिशेब पुरतो. गुणोत्तर निम्मे केले तर वेग दुप्पट होईल आणि जोर निम्मा; मग पायरीपाशी मोटर अडेल, तापेल आणि वेग नियंत्रित करणारे सर्किट जळेल. मोटर जागीच अडते तेव्हा ती सर्वांत जास्त वीज खेचते, म्हणून बॅटरीच्या तारेत फ्यूज घालायला विसरू नये.

पुढचा मुद्दा डिफरन्शियलचा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. चिखलात एक चाक फिरत राहते, दुसरे जागचे हलत नाही. अशा वेळी डिफरन्शियल लॉकचा पेडल दाबतात आणि दोन्ही चाके एकसाथ फिरू लागतात. क्रॉलरमध्ये हा लॉक कायमचा लावलेला असतो. जुन्या एक्सलमध्ये डिफरन्शियल असेल तर ते उघडून, ग्रीस पूर्ण काढून, आतले छोटे गिअर एपॉक्सीने घट्ट करतात. त्यामुळे वळताना गाडी मोठा घेर घेते, पण हवेत लटकलेले चाक सारी ताकद खाऊन टाकत नाही.

वजनाचेही ट्रॅक्टरसारखेच आहे. शेतकरी ट्रॅक्टरच्या मागच्या टायरमध्ये पाणी भरतो, ते पकड वाढावी म्हणून. क्रॉलर चढावर असताना भार मागे सरकतो, पुढची चाके उचलली जातात आणि गाडी पाठीवर उलटते. म्हणून बॅटरी आणि मोटर शक्य तितकी पुढे आणि खाली ठेवावी. पुढच्या चाकांच्या आत शिशाच्या किंवा पितळेच्या पट्ट्या बसवतात. एकूण वजनापैकी साधारण ६० टक्के पुढच्या चाकांवर आले की चढण्यात मोठा फरक पडतो. तपासायला दोन साधे काटे पुरेत. पुढची चाके एकावर, मागची दुसऱ्यावर ठेवावीत. वरचा सांगाडा मात्र हलका असावा. जड पत्र्याची सुंदर जीप बनवली तर ती पहिल्याच दगडावरून कलंडेल.

टायर मऊ हवेत. हवा भरलेले नसतात. आत स्पंज असतो आणि हवा जायला लहान भोक असते. जुन्या खेळण्याचे कडक टायर खडकावर घसरतात. चार पैसे नवे घालायचेच असतील तर ते टायरसाठी आणि स्टिअरिंगच्या सर्व्होसाठी घालावेत. दोन दगडांत अडकलेली चाके वळवायला सर्व्होची ताकद लागते. विमानाच्या मॉडेलमधील छोटा सर्व्हो येथे पहिल्या दिवशी दात गमावतो.

बॅटरीच्या बाबतीत कंजुषी नको

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत १८६५० मापाचे लिथियमचे सेल असतात आणि त्यांतले काही चांगलेही निघतात. पण हाच भाग घर पेटवू शकतो. शिकणाऱ्याने सुरुवातीला ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइडची नवी बॅटरी आणि तिचाच चार्जर घ्यावा. जुने लिथियम सेल वापरायचेच असतील तर काही नियम मोडू नयेत. फुगलेला, गंजलेला, चेपलेला सेल घेऊ नये. अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज करण्याचा प्रयत्न करू नये. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र जोडू नयेत. सेलवर थेट सोल्डर लावू नये, कारण उष्णता आत जाते. भरताना प्रत्येक सेल ४.२ व्होल्टला थांबवणारा चार्जरच वापरावा, फरशीवर ठेवून भरावे आणि भरत असताना दुकान बंद करून घरी जाऊ नये. निकामी सेल भट्टीच्या मालात तर कधीच टाकू नयेत.

बदल करताना एका वेळी एकच

गाडी चालू लागली की प्रत्येकाला सारे काही बदलावेसे वाटते. येथे शिस्त हवी. एक ठरावीक चढ निवडा. चार विटांची पायरी किंवा विहिरीच्या मलब्याचा ढीग चालेल. दर खेपेला एकच बदल करा : आज वजन, उद्या टायर, परवा पाटे. दहा वेळा चढवा आणि किती वेळा पोहोचली ते वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर कशामुळे फरक पडला हे उस्तादालाही सांगता येत नाही. मोठे कारखाने हेच करतात, फक्त त्यांची वही मोठी असते.

छोटी गाडी आधी का?

महाराष्ट्रातील दोन घटना आम्ही येथे मुद्दाम मांडतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार या कारागिराने आपल्या मुलाच्या हौसेसाठी भंगारातून छोटी जीप बनवली. दुचाकीचे इंजिन, रिक्षाची चाके आणि किक मारून सुरू होणारी ही गाडी सुमारे ६० हजार रुपयांत उभी राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी कारागिरीचे कौतुक केले, पण अशी गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. असे भाग्य प्रत्येकाला लाभत नाही. हसनाबादच्या एखाद्या तरुणाने वर्षभराची कमाई घालून अशी गाडी केली, तर नोंदणीशिवाय ती रस्त्यावर आणता येणार नाही.

दुसरी घटना मन हेलावणारी आहे. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातील फुलसावंगी येथील शेख इस्माईल शेख इब्राहिम हा २४ वर्षांचा वेल्डर. मुन्ना या नावाने लोक त्याला ओळखत. फारसे शालेय शिक्षण नसताना त्याने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बांधायला घेतले आणि जवळजवळ तडीस नेले. ऑगस्ट २०२१ मध्ये जमिनीवर चाचणी चालू असताना पाते तुटले, त्याच्या डोक्याला लागले आणि त्यात तो गेला. त्याच्या बुद्धीबद्दल आणि हिमतीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. उणीव होती ती अशा हाताला आधी लहान मापावर पारखून पाहण्याची जागा मिळण्याची.

क्रॉलरचे मोल येथे कळते. तिचा शाफ्ट तुटला तर एक शाफ्ट जातो. गिअरचे दात उडाले तर संध्याकाळ वाया जाते. माणसाला इजा होत नाही, रस्त्याचा कायदा आड येत नाही, घरातला पैसा बुडत नाही. आणि चूक कोठे झाली हे मात्र तितकेच स्पष्ट दिसते.

पुढची वाटही बंद नाही. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या अभियंत्यांनी बॉम्ब निकामी करण्यासाठी दक्ष नावाचे दूरनियंत्रित वाहन तयार केले. २०११ मध्ये त्याची पहिली तुकडी लष्कराला मिळाली. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेली प्रज्ञान ही २६ किलोची, सहा चाकांची बग्गी सेकंदाला एक सेंटिमीटर या वेगाने चालली. ही यंत्रे आपल्या छोट्या गाडीपेक्षा कितीतरी पुढची आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व एकच : वेग कमी, जोर जास्त, चाके जमिनीला धरून.

मग धंदा कोठे आहे?

आम्ही स्पष्टच सांगतो. अशा गाड्या बनवून खेळणी म्हणून विकण्याचा विचार करणाऱ्याने आधी कायदा समजून घ्यावा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले आहे. विजेच्या खेळण्यांनाही ते लागू आहे. विनापरवाना बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या कायद्यात जबर शिक्षेची तरतूद आहे. मोठ्यांच्या छंदाचे मॉडेल हा वेगळा माल आहे, पण बाजारात मुलाच्या हाती देऊन वर मोठ्यांसाठी आहे म्हणणे चालणार नाही.

दुसरीकडे याच काळात बाहेरून येणारी खेळणी महाग झाली. आयात कर २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आला. वस्तू महाग झाली की ती फेकली जात नाही, दुरुस्तीला येते. म्हणून पहिली कमाई दुरुस्तीची. तुटलेला गिअर, सुटलेली तार, झिजलेला कार्बन, बिघडलेला चार्जर ही कामे मोबाईल दुरुस्तीच्या टेबलावर होऊ शकतात. दुसरी कमाई तपासलेल्या सुट्या भागांची. तिसरी, ज्याच्याकडे लेथ आहे त्याची : चाकात बसणारी पितळी वजने, लिंक, शाफ्ट, अडॅप्टर. शहरांतील हौशी लोकांना असे भाग मापाबरहुकूम हवे असतात आणि ते टपालाने जाऊ शकतात.

आता हिशेब. पुढील आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालावेत. समजा १० बंद ड्रिल ६० रुपयांप्रमाणे ६०० रुपयांना घेतले. त्यांतून ६ मोटरी आणि ७ गिअरपेट्या चांगल्या निघाल्या. मोटर १२० ला व पेटी १५० ला गेली तर १,७७० रुपये आले. उरलेले भंगार २०० रुपयांचे. एकूण १,९७०. खरेदी ६०० आणि ग्रीस-सफाईचे १२० वजा केले तर १,२५० उरले. काम दोन दिवसांचे धरले तर रोजचे ६२५. आता दुसरी बाजू पाहा. निम्मेच भाग, म्हणजे ३ मोटरी आणि ३ पेट्या विकल्या गेल्या, तर विक्री ८१० आणि भंगार २००, मिळून १,०१०. खर्च वजा जाता २९०, म्हणजे रोजचे १४५ रुपये. यातून दिसते की कमाई भाग काढण्यात नसून गिऱ्हाईक ठरलेले असण्यात आहे. म्हणून आधी मागणी विचारावी, मग ड्रिल फोडावे. सगळे दुकान यावर उभे करू नये. चालू धंद्याच्या बाजूला एक फळी एवढीच सुरुवात असावी.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांनी उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती विनामूल्य आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून विजेची खेळणीही त्यांत मोडतात. माल वाढू लागला की हे नियम जाणकाराकडून समजून घ्यावेत. तांब्यासाठी तारा जाळणे आजच बंद करावे. त्या धुराची किंमत आपल्याच मुलांच्या फुफ्फुसांतून वसूल होते.

शेवटची गोष्ट विश्वासाची. जुना भाग विकणाऱ्याबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात आधीपासून शंका असते. ती चिठ्ठीने जाते. भागाचा दोष आपणच लिहून दिला, आठ दिवसांत बिघडला तर बदलून देऊ असे सांगितले आणि तो शब्द पाळला, तर तेच गिऱ्हाईक पुढच्या वेळी भाव न करता येते. जुन्या मालाच्या बाजारात यापेक्षा मोठे भांडवल नाही.

ज्यांच्या दुकानात संध्याकाळी दोन-चार मुले पाने-पकडीशी खेळत बसतात, त्या उस्तादांना आमची विनंती आहे. या महिन्यात भट्टीकडे जाणाऱ्या मालातून एक ड्रिल, एक प्रिंटर आणि एक तुटकी रिमोट गाडी बाजूला काढा आणि त्या मुलांच्या हाती द्या. सोबत एक वहीही द्या. पहिली गाडी चढेल किंवा न चढेल. पण कोणता भाग भट्टीत घालायचा आणि कोणता वाचवायचा, हे त्या मुलांना कळू लागेल. पुढे धंदा त्यांना करायचा आहे.